ट्रॅक डे : नवख्या गटातून पुढच्या गटात कधी जायचं?

मुळशीकर

नमस्कार मंडळी,

मागच्या शनिवार-रविवारी कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर माझा पहिला ट्रॅक डे झाला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली मोटरसायकल चालवायची, शर्यत न लावता. गाडी केटीएम आरसी ३९०. पुण्याहून आम्ही तिघांनी मिळून बोलेरो पिकअप केली, तळाला जुन्या गाद्या अंथरल्या, तिन्ही गाड्या आवळून बांधल्या आणि बाराशे किलोमीटर आळीपाळीने चालवत गेलो. त्या दोन दिवसांबद्दल लिहायला बसलो तर रात्र पुरणार नाही, म्हणून ते नंतर. आत्ता एकच प्रश्न आहे आणि तो डोक्यातून जात नाहीये.

तिथे तीन गट होते. सी म्हणजे नवखे, बी म्हणजे मधले, ए म्हणजे मुरलेले. पंधरा-पंधरा मिनिटांची सत्रं. मी अर्थातच सी मध्ये. शनिवारच्या पहिल्या सत्रापासून रविवार दुपारपर्यंत माझा वेळ फेरीमागे नऊ सेकंदांनी खाली आला. बी गटातल्या निम्म्या लोकांपेक्षा माझी सर्वोत्तम फेरी जलद होती, कागद हातात आहे. मी प्रशिक्षकांना म्हटलं, सर, शेवटची दोन सत्रं मला बी मध्ये सोडा. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "तू जलद आहेस. पण तुझ्यामागे चालवताना तू पुढे काय करणार आहेस ते मला कळत नाही. अजून एक ट्रॅक डे सी मध्येच कर."

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. वेळ नाही तर मग निकष काय? आणि गट बदलताना तुम्हाला काय सांगितलं गेलं?

सायली_के

अभिनंदन! पहिल्या ट्रॅक डेला गाडी आणि माणूस दोन्ही अखंड परत आले, ही मोठी गोष्ट आहे.

मला सी मधून बी मध्ये जायला चार ट्रॅक डे लागले. गाडी लहान इंजिनाची, यामाहा आर१५, म्हणजे सरळ पट्ट्यावर सगळेच मला मागे टाकून जायचे, त्यामुळे वेळेचा प्रश्नच नव्हता. गटागटात खरा फरक असतो तो ओव्हरटेकिंगच्या नियमांचा. मी गेले त्या बहुतेक ठिकाणी सी गटात फक्त सरळ पट्ट्यावर ओव्हरटेक करायची मुभा होती. बी मध्ये वळणावरही करता येतं, पण बाहेरच्या बाजूने आणि मध्ये भरपूर अंतर ठेवून. ए मध्ये आतून, बाहेरून, ब्रेक मारताना, सगळं चालतं. म्हणजे बी मध्ये गेलात की तुम्ही गाडी झुकवलेली असताना शेजारून कोणीतरी जाणार. त्या क्षणी दचकून गाडी उभी केलीत तर बाहेरून जाणाऱ्याला तुम्ही थेट मातीत पाठवाल. प्रशिक्षक बघतात ते हे. तुमचा वेग त्यांना लांबूनही दिसतो, त्यासाठी मागे येऊन चालवावं लागत नाही.

ताम्हिणी_एक्सप्रेस

सायलीताई, मान्य नाही. वेळ हाच प्रामाणिक निकष आहे, बाकी सगळं प्रशिक्षकाच्या मर्जीवर. हळू चालवणारा माणूस बी मध्ये आणि जलद माणूस सी मध्ये ठेवला तर सी मधल्या बिचाऱ्यांनाच धोका. मी दहा वर्षं ताम्हिणी आणि वरंधा घाट करतोय, प्रत्येक वळण पाठ आहे. मला कोणी नवख्यांत बसवलं तर मी पैसे परत मागेन.

शोलावरम

मुळशीकर, तुमच्या प्रशिक्षकांनी एका वाक्यात सगळं सांगितलं आहे. जरा सविस्तर लिहितो.

मी १९८७ साली नोकरीनिमित्त मद्रासला होतो. तेव्हा शर्यती शोलावरमला विमानांच्या जुन्या धावपट्टीवर व्हायच्या. गवताचे भारे, रणरणतं ऊन, आरडी ३५० आणि येझदींचा धूर. आम्ही नुसते बघे. पुढे १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक सुरू झाला, आजचा ३.७१७ किलोमीटर आणि बारा वळणांचा मद्रासचा ट्रॅक तोच. तिथे काही वर्षांनी मी माझी सुझुकी शोगन घेऊन पहिल्यांदा उतरलो.

तिसऱ्याच फेरीत मागून आवाज आला. मी काय केलं असेल? साइड दिली. आयुष्यभर रस्त्यावर जे शिकलो तेच केलं. मागून हॉर्न आला, ट्रकचा आवाज आला की आपण डावीकडे सरकतो, तो निघून जातो, दोघेही खूश. पण ट्रॅकवर मागच्याने तुमची रेषा, म्हणजे तुम्ही कुठून कसे जाणार ती लाइन, आधीच वाचलेली असते. तुम्ही उजवीकडे राहणार हे गृहीत धरून तो डावीकडून निघालेला असतो, आणि नेमके तुम्ही त्याच्यासाठी म्हणून डावीकडे येता. त्या दिवशी त्या माणसाचं पुढचं चाक आणि माझा सायलेन्सर यांच्यात वीतभर अंतर राहिलं. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारी गाड्या थांबतात तिथे, तो माझ्याकडे आला. मला वाटलं आता शिव्या बसणार. त्याने खांद्यावर हात ठेवला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "मेरे लिए कुछ मत करो. तुम अपना लाइन चलाओ."

तीस वर्षांत मी याहून नेमका सल्ला ऐकलेला नाही. ट्रॅकवर ओव्हरटेकची सगळी जबाबदारी मागून येणाऱ्याची. पुढच्याचं काम एकच, तो जिथे जाणार असं दिसतं आहे तिथेच जाणं. साइड द्यायची नाही, मागे वळून बघायचं नाही, वेग एकाएकी सोडायचा नाही.

मुळशीकर

काका, तुमचा प्रतिसाद वाचून उठलो आणि गोप्रो कॅमेऱ्याचं चित्रण परत लावलं. शनिवारी चौथ्या सत्रात सरळ पट्ट्यावर मी तीन वेळा साइड दिली आहे. तिन्ही वेळा मागे पिवळ्या जाकिटातले प्रशिक्षक होते. मला त्या वेळी वाटलं होतं की मी फार सभ्यपणे वागतोय.

आणि एक दिसलं. ओव्हरटेक करताना माझा डावा अंगठा दर वेळी हॉर्नच्या बटणाकडे जातो.

सायली_के

अंगठ्याचं सगळ्यांचं होतं! माझ्या ओळखीच्या एका मुलीने बटणावर वाळूचा कागद चिकटवला होता. हातमोज्यातूनही खरखर लागायची आणि आठवण व्हायची.

चाकणकर

या धाग्यात गाडीच्या तयारीचंही येऊ द्या, कारण शिष्टाचार तिथूनच सुरू होतो. तुमच्या गाडीतून सांडलेला एक घोट मागच्या दहा जणांना पाडतो.

आमच्या गटातल्या सगळ्यांच्या गाड्या मी जायच्या आधी बघतो. रेडिएटरमधलं कूलंट काढून साधं डिस्टिल्ड पाणी भरायचं. कूलंटमधल्या ग्लायकॉलने ट्रॅक गुळगुळीत होतो आणि पाणी टाकूनही तो लवकर धुतला जात नाही. सम्पचा, म्हणजे इंजिन ऑइल काढायचा खालचा बोल्ट तारेने बांधलेला असेल तर उत्तम, नसेल तर निदान टॉर्क, म्हणजे तो किती आवळलाय ते तपासून त्यावर रंगाची रेघ मारा, म्हणजे प्रत्येक सत्रानंतर एका नजरेत कळतं की तो हललाय का. ब्रेक पॅड अर्धे संपले असतील तर बदलून जा. पुण्यात महिनोन्महिने चालणारे पॅड तिथे फार लवकर संपतात. आरसे काढायचे. हेडलाइट, इंडिकेटरवर टेप. टेल लाइटवर तर टेप हवीच, म्हणजे मागचा तुमचा ब्रेक बघून ब्रेक मारणार नाही, स्वतःची खूण बघून मारेल. स्पीडोमीटरवरही टेप लावा. नवख्याला आकडा दिसला की तो वळण सोडून आकडा बघतो.

टायरच्या हवेबद्दल गटागटात भांडणं होतात, मी साधं सांगतो. टायर तापला की हवा चार-पाच पीएसआय सहज वाढते. म्हणून पिटमध्ये आल्या आल्या, टायर गरम असतानाच मोजा आणि वहीत लिहा. कोणाच्या तरी ग्रुपवर आलेला आकडा डोळे झाकून भरू नका. आणि पहिली फेरी थंड टायरची असते हे विसरू नका. ट्रॅक जास्त करून उजवीकडे वळत असेल तर टायरची डावी बाजू बराच वेळ थंडच राहते. पडणारे बरेचसे तिथल्या पहिल्या डाव्या वळणावर पडतात.

कोल्हापुरी

चाकणकर भावा, लई उपयोगी. वाचनखूण साठवली.

आमच्याकडं कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक हाय, तिथं आमच्यातली बरीच पोरं शिकल्यात. लहान ट्रॅकचा फायदा म्हणजे वेग कमी, पण वळणामागनं वळण येतंय. नजर पुढं नसली की लगेच घोटाळा. मला तिथं पहिल्या दिवशी एकच शिकवलं, जिकडं नजर तिकडं गाडी. खड्डा बघितलास तर खड्ड्यात जाशील. नंतर कोइमतूरला गेलो तवा त्याचाच आधार वाटला.

अवांतर: करीच्या वाटेवर सकाळी सकाळी जे पोंगल मिळतंय, त्यासाठी तरी एकदा जाऊन या. पण सत्राच्या आधी खाऊ नका, लेदर सूटमध्ये वाकल्यावर पोंगल वर येतंय.

हाडवैद्य

पोंगलबद्दल +१.

मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि स्वतः सी गटात चालवतो, म्हणून दोन्हीकडून लिहितो. पडलेला माणूस दिसला तर गाडी थांबवून मदतीला धावणं हा आपला स्वभाव आहे. रस्त्यावर ते बरोबरच आहे. ट्रॅकवर मात्र थांबू नका. ट्रॅकच्या कडेला झेंडे घेऊन मार्शल उभे असतात, त्यांचं काम त्यांना करू द्या. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. तुम्ही थांबलात तर मागच्याला विचार करायलासुद्धा वेळ मिळत नाही. आणि पडलेल्याचं हेल्मेट तर कोणीही ओढून काढू नये. मानेला इजा आहे की नाही हे माहीत नसताना हेल्मेट काढणं म्हणजे मणका पणाला लावणं.

स्वतः पडलात तर ताडकन उठू नका. घसरत असताना आपण थांबलो असं वाटतं, पण थांबलेलो नसतो. पूर्ण थांबा, हात-पाय हलतात का बघा, कोणी येत नाही ना ते बघा, मग ट्रॅकपासून लांब जा. गाडीकडे धावू नका. डोकं आपटलं असेल, थोडं जरी गरगरलं, काही क्षण आठवत नसतील, तर त्या दिवसाचं चालवणं संपलं. "मी ठीक आहे" हे त्या अवस्थेतल्या माणसाचं म्हणणं मी ग्राह्य धरत नाही.

आणि पाणी! तमिळनाडूच्या उन्हात लेदर सूटमध्ये पंधरा मिनिटांत अंग निथळतं. तहान लागायच्या आधी प्या, ओआरएस ठेवा. दुपारी जेवणानंतरच्या सत्रात पडणारे मी फार पाहिले आहेत. थकवा आधी नजरेत उतरतो आणि हातांना तो उशिरा कळतो. एखादं सत्र सोडून सावलीत बसायला लाजू नका.

लेस्टरकर

इंग्लंडमधून लिहितोय. डॉनिंग्टन पार्क घराजवळ आहे, त्यामुळे वर्षातून तीन-चारदा होतं. इथेही नवखे, मधले, जलद असेच गट. सकाळी माहितीचं सत्र चुकलं तर गाडी बाहेर काढू देत नाहीत, कितीही जुने असा. नंतर पहिल्या दोन-तीन फेऱ्या प्रशिक्षकाच्या मागे, ओव्हरटेक न करता. गाडीचा आवाजही मोजतात, मर्यादेबाहेर गेला तर घरी.

मला इथे आवडलेली गोष्ट अशी, की खालच्या गटात जायला कोणाला काही वाटत नाही. हजार सीसीवाले साठीचे लोक खुशाल नवख्यांत नाव घालतात. पाऊस आला की मधल्या गटातले लोक आपणहून खाली येतात. मुळशीकर, आपल्याकडे गट म्हणजे शाळेतली इयत्ता झाली आहे, नापास झाल्यासारखं वाटतं. तसं वाटून घेऊ नका.

ताम्हिणी_एक्सप्रेस

सगळं ठीक आहे हो, पण बाराशे किलोमीटर जायचं, टायर घासायचे, लॉज, डिझेल, सूट. हे सगळं करून नवख्यांच्या रांगेत उभं राहायचं. त्यात गाडी पडली तर विमाही नाही. पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते, वाचून बघा. यापेक्षा रविवारी सकाळी सहाला घाट मोकळा असतो.

सायली_के

विम्याचं बरोबर आहे. ट्रॅकवरच्या नुकसानीला पॉलिसीवर विसंबू नये, फुटलं तर आपल्या खिशातून, हे मनात धरूनच जावं.

घाटाचं मात्र मी बोलणार. माझा मावसभाऊ असाच रविवारी सकाळी सहाला गेला होता. त्यालाही वळण पाठ होतं. वळणापलीकडे रात्री कोणाच्या तरी ट्रकमधून सांडलेली खडी होती, ती पाठ नव्हती. समोरून दुधाचा टेम्पो येत होता. टेम्पोवाल्याची काही चूक नव्हती, तो माणूस आजही आमच्या घरी येतो, मावशीच्या पायाशी बसतो.

ट्रॅकवर मी पाच वेळा पडले आहे. पाचही वेळा उठून चालत पिटमध्ये आले. समोरून कोणी येत नाही, कडेला कठडा नाही, खडी सांडली तर पिवळा झेंडा दिसतो. दादा, तुम्ही चांगलं चालवत असाल, म्हणूनच सांगते, ते घाटात खर्च करू नका.

ताम्हिणी_एक्सप्रेस

ताई, माफ करा. माहीत नव्हतं.

शोलावरम

सायली, धीराने लिहिलंस बाळा.

झेंड्यांचा विषय निघालाच आहे तर थोडं सांगतो, कारण नवख्यांना ते पाठ असतात पण दिसत नाहीत. वेगात नजर आक्रसते. ट्रॅकवर प्रत्येक मार्शल पोस्ट कुठे आहे ते पहिल्या हळू फेरीतच बघून ठेवा आणि प्रत्येक फेरीत तिथे नजर टाकायची सवय लावा. पिवळा हलला की पुढे काहीतरी झालंय, वेग कमी करायचा आणि ओव्हरटेक अजिबात नाही, हिरवा दिसेपर्यंत. लाल म्हणजे सत्र थांबलं. पण लाल बघून करकचून ब्रेक मारायचा नाही. हात वर करा, हळूहळू वेग सोडा, पिटमध्ये या. पिवळ्यावर लाल पट्टे म्हणजे पुढे ट्रॅक निसरडा. काळा तुमच्याकडे रोखला असेल तर पिटमध्ये येऊन विचारा काय झालं. बऱ्याचदा गाडीतून काहीतरी लोंबत असतं आणि तुम्हाला पत्ता नसतो.

२०२३ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला मोटोजीपी, मोटरसायकलींची जागतिक शर्यत, झाली तेव्हा मी दोन दिवस गाड्यांपेक्षा मार्शलच बघत होतो. उन्हात उभं राहून अनोळखी माणसांसाठी झेंडा धरणं, हे मोठं काम आहे. दिवसाच्या शेवटच्या, वेग उतरवायच्या फेरीत त्यांना हात करायला विसरू नका.

चाकणकर

काकांच्या म्हणण्यात एक भर. माती-गवतात गेलात तर पुढचा ब्रेक सोडा, गाडी सरळ धरा, आपोआप हळू होऊ द्या. परत ट्रॅकवर यायचं ते मार्शलने खूण केल्यावरच, आणि ते सत्र तिथेच संपवून पिटमध्ये. टायरला लागलेली माती पुढच्या वळणावर दगा देते. पिटमधून बाहेर पडताना पांढरी रेघ ओलांडू नका. आत यायचं असेल तर आधीपासून हात वर किंवा पाय बाहेर.

मुळशीकरांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. तुमच्याकडे फेऱ्यांचा कागद आहे ना? सर्वोत्तम फेरी सोडा. लागोपाठच्या पाच फेऱ्या बघा. त्यांत फरक किती आहे?

मुळशीकर

आत्ता बघितलं. रविवार, तिसरं सत्र. सर्वात जलद आणि सर्वात हळू फेरीत चार सेकंदांहून जास्त फरक. ती जलद फेरी एकदाच लागली आहे, पुन्हा कधीच नाही.

चाकणकर

हे तुमचं उत्तर. ती एक फेरी कशी लागली ते तुम्हालाही माहीत नाही, मग मागच्याला कसं कळणार? लागोपाठच्या पाच फेऱ्या एका सेकंदात बसू लागल्या की प्रत्येक वेळी ब्रेक त्याच खुणेला, वळण त्याच जागी, असं होतंय. पुढच्या वेळी घड्याळ बघूच नका. सत्तर टक्क्यांनी चालवा आणि प्रत्येक वळणाला स्वतःची एक खूण ठरवा. पट्ट्यावरचा डांबराचा डाग, कडेच्या रंगीत पट्टीची सुरुवात, काहीही.

कोल्हापुरी

आनी पुढच्या येळी आमालाबी घ्या पिकअपमध्ये.

मुळशीकर

मंडळी, तीन महिन्यांनी धागा वर काढतोय. परवाच परत आलो.

या वेळी आपणहून सी गटात नाव दिलं. स्पीडोमीटरवर टेप, अंगठ्याखाली वाळूचा कागद. पहिलं सत्र फक्त खुणा शोधल्या. मुख्य पट्ट्याच्या शेवटी डांबरावर एक लांबट ठिगळ आहे, भाकरीच्या तुकड्यासारखं. ते पुढच्या चाकाखाली गेलं की ब्रेक. दोन दिवस, दर फेरीला तेच ठिगळ. आधी कंटाळा येईल असं वाटलं होतं, पण तिसऱ्या सत्रात काहीतरी बदललं. ब्रेक कुठे मारायचा याचा विचार करावा लागेना, त्यामुळे बाकीचं दिसायला लागलं. वळणाचा शेवट दिसला, मार्शल दिसला. आधीच्या वेळी मला तिथे मार्शल उभा असतो हेही आठवत नव्हतं.

शनिवारी दुपारी पिवळा हलला. कोणीतरी माझ्या पुढेच घसरला होता. मी वेग सोडला, रेषेवर राहिलो, कोणाला काही केलं नाही. मागून येणाराही तसाच गेला. तो उठून चालत गेला.

रविवारी सकाळी तेच प्रशिक्षक दोन सत्रं माझ्या मागे होते. एकदा ते बाहेरच्या बाजूने, मी झुकलेला असताना, हातभर अंतरावरून गेले. छातीत धस्स झालं, पण मी लाइन सोडली नाही. पिटमध्ये आल्यावर काही न बोलता त्यांनी माझ्या हेल्मेटवरचं हिरवं स्टिकर काढलं आणि पिवळं लावलं. सर्वोत्तम फेरी या वेळी मागच्यापेक्षा जेमतेम अर्ध्या सेकंदाने कमी आहे. पाच फेऱ्यांमधला फरक एक सेकंदाच्या आत.

बी मध्ये शेवटची दोन सत्रं मिळाली. पहिल्या सत्रात तीन फेऱ्या एका निन्जा ३०० च्या मागे होतो. वळणात तो माझ्यापेक्षा हळू होता, पण बाहेरून जायला हवी तेवढी जागा मला दिसली नाही, म्हणून गेलो नाही. चौथ्या फेरीत सरळ पट्ट्यावर गेलो.

पुढची ट्रिप नोव्हेंबरात ठरते आहे. पिकअपमध्ये एक जागा कोल्हापूरवाल्यांची, एक रिकामी आहे. ताम्हिणी, येता का?

ताम्हिणी_एक्सप्रेस

येतो. माझं नाव सी मध्ये घाला. चाकणकर, गाडी कधी दाखवायला आणू?

चाकणकर

रविवारी सकाळी सहाला. घाटाऐवजी इकडे या.